गिटारच्या ट्यूब ॲम्पवरचे प्रेझेन्स आणि डेप्थ नॉब ट्रेबल-बासपेक्षा वेगळे काहून असतात?

भाऊ, ट्रेबल-बास प्रीॲम्पमधे, म्हणजे ॲम्पच्या सुरुवातीच्या भागात, आवाज कापतात आन् प्रेझेन्स-डेप्थ पॉवर सेक्शनच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागाच्या, निगेटिव्ह फीडबॅकवर (बाहेर गेलेला सिग्नल उलटा मागं देणं) चालतात, एवढाच मूळ फरक आहे. मी इकडे दारव्ह्याकडं ऑर्केस्ट्रावाल्यांचे ॲम्प दुरुस्त करतो, खोलून पाहिलं की दिसते, आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरच्या बाजूनं एक वायर रेझिस्टरमधून मागं फेज इन्व्हर्टरला, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या सर्किटला, जाते, तो उलटा सिग्नल पॉवर ट्यूबला लगाम लावून ठेवते. प्रेझेन्स वाढवला की वरच्या फ्रिक्वेन्सीचा लगाम ढिला होते, म्हणून तारेवरचा पिकचा खणखणाट एकदम पुढं येते. डेप्थ, म्हणजे काही ॲम्पवर रेझोनन्स लिहिलेलं असते, तो तेच काम खालच्या फ्रिक्वेन्सीला करते. व्हॉक्स एसी 30 या ॲम्पमधे हा फीडबॅकच नाही, तिथं कट नॉब आहे आन् तो वाढवला की ट्रेबल कमी होते, वाढत नाही.

पण मास्टर व्हॉल्यूम फुल करून पॉवर ट्यूबचा आवाज फाटायला लागला की फीडबॅकचा जोर उरत नाही, मग प्रेझेन्स कितीही फिरवा, फरक कमीच पडते. म्हणून आधी मास्टर जिथं वाजवायचा तिथं ठेवा, मग हे दोन नॉब लावा. आन् गावात मोटरपंप चालू असताना लाइन 230 वरून 180 व्होल्टवर आली तर आतलं हाय व्होल्टेजही पडते, ट्यूबचा आवाज लवकर फाटते, तेव्हा सेटिंग कार्यक्रमाच्या जागीच, त्याच लाइनवर करा.