आधी मीटर लावा, मग स्पीकर घ्या

गिटारचा ५० वॅटचा ट्यूब (व्हॉल्व्हवाला) अ‍ॅम्प, मागून बंद कॅबिनेट म्हणजे स्पीकरची पेटी, आत दोन बारा इंची स्पीकर, त्यातला एक फरफरतोय. तर दोन्ही काढून मंडपवाल्याकडचे १५० वॅटचे टाकू का, असं विचारलंत. नका टाकू. वेंगुर्ल्यात मी हा उद्योग करून बसलोय. गिटारच्या स्पीकरला २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या आसपास उठाव असतो आणि ५ च्या पुढे आवाज पडत जातो, म्हणूनच डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, सहन होतं. मंडपातला नुसता वूफर (खर्जाचा स्पीकर) लावला तर गिटार घोंगडीखालून वाजते. वरच्या सुरांचा हॉर्न जोडला की गांधीलमाश्या.

पण तुमचा स्पीकर खरंच गेलाय का? तुमच्या देवगडचा खारा वारा विसरू नका. माझ्याही पेटीतून अशीच फरफर यायची. उघडून बघतो तर कोन (स्पीकरचा हलणारा कागदी पडदा) ठणठणीत, टर्मिनलवर हिरवट थर आणि वायर नुसती टेकलेली! पॉलिश पेपर मारला, नवीन सोल्डर केलं, काम झालं. अ‍ॅम्प बंद करून स्पीकरच्या वायरी सोडवा. दोन्ही हातांची बोटं कोनवर सारख्या अंतराने टेकवून हलकेच आत दाबा. खरखर लागली तर कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं) घासतेय. मग मल्टीमीटर लावून ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा: ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली.

घ्यायचाच झाला तर वॅटच्या आधी ओहम बघा. अ‍ॅम्पचं आउटपुट ८ चं असेल तर पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडायला १६ चे दोन लागतील. ८ चे दोन पॅरलल केले की ४ होतात. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवून बघायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

पुढचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा. सेलेस्टियन या स्पीकर कंपनीचा जी१२टी-७५ आहे ९७ डेसिबलचा, त्यांचाच व्हिंटेज ३० आहे १०० चा. हा ३ डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखं. (व्हिंटेज ३० च्या नावावर जाऊ नका, तो ६० वॅट पेलतो.) त्यांचेच २५ वॅटचे दोन ग्रीनबॅक कागदावर बरोबर ५० भरतात, पण ट्यूब अ‍ॅम्प पिळला की ५० च्या पुढे जातो. आवाज कितीही मधाळ असो, तुमच्या जागी मी घेणार नाही.

एकच बदलणार असाल तर ओहम जुन्याइतकाच हवा, डेसिबलही जवळपास. नाहीतर नवा जुन्याला गिळतो. जोडून झाल्यावर कॅबिनेटच्या वायरला क्षणभर दीड व्होल्टचा सेल लावा. दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत. एक आत, एक बाहेर गेला तर खर्ज गायब. स्क्रू मात्र स्टेनलेसचेच घ्या. माझे साधे होते, दोन पावसाळ्यांनी ते ड्रिल मारून काढावे लागले.

मीटरवर काय आलं आणि मॅग्नेटवरच्या लेबलावर काय लिहिलंय ते कळवा, मग मॉडेलचं बोलू.