रंगपेटी माळ्यावर टाकायची का?

"मॅडम, मायक्रोबायोलॉजी घेतली तर माझी चित्रं सुटतील का?" बारावीचा निकाल लागल्यावर एक मुलगी वडिलांसोबत माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. शेजारपाजारचे म्हणत, "जे.जे.ला जा, हात वाया घालवू नकोस." वडील म्हणत, "कलेनं पोट भरत नाही." तिला स्वतःला काय वाटतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी कलचाचणी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कशातली दगदग तुला सोसवते?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, गेल्या वर्षी मावशीनं तिघांची पोर्ट्रेट काढायचं काम मिळवून दिलं. पैसे मिळाले, पण "नाक जरा लहान कर" असं कुणी म्हटलं की ब्रश हातात धरवेना. सुट्टीतल्या शिबिरात मात्र दह्यातल्या जीवाणूंची स्लाइड चार वेळा बिघडली. जादा रंग धुवायचं अल्कोहोल जास्त झालं की जांभळा रंग निघून सगळं गुलाबीच दिसायचं. पाचव्यांदा जांभळ्या काड्या दिसल्या, तोवर ती जेवायचंही विसरली होती.

माझ्या मते उत्तर तिनंच दिलं होतं. चित्रावर तिचं प्रेम कमी नव्हतं. तिला त्यात गिऱ्हाईक नको होतं. आवडत्या गोष्टीवरच पोट भरलं पाहिजे, हा आग्रह मुलांना फार छळतो.

तिला मी स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांच्याबद्दल सांगितलं. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, पण वडिलांनी वैद्यकाकडे वळवलं. त्यांनी हातानं काढलेली मज्जापेशींची चित्रं आजही अभ्यासली जातात. १९०६ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना इटलीच्या गोल्जींसोबत मिळालं. अर्थात कला प्रयोगशाळेत उपयोगी पडलीच पाहिजे असं नाही. आणि आजचा निर्णय जन्माचा नसतो, हेही सांगितलं: डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे सर्जन होते, चाळिशी ओलांडल्यावर १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले.

वडिलांकडे एकच मागणं केलं: ती चित्र काढत बसली की "अभ्यास झाला का?" विचारू नका.

तिनं मायक्रोबायोलॉजी घेतली. माझी चूक पुढे झाली. दर रविवारी दोन तास चित्रकला, असं वेळापत्रक मी तिला करून दिलं. पहिल्याच सत्रात प्रॅक्टिकल आणि जर्नलांनी ते बुडवलं. तीन महिन्यांनी ती रडतच आली, "झालंच ना शेवटी, मॅडम!" ठरलेला रविवार चुकला की अपराधी वाटायचं, म्हणून ती वहीलाच टाळू लागली होती. आम्ही वेळापत्रक फाडलं. पोस्टकार्डाएवढी वही आणि एक पेन बॅगेत, बस्स. ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं, कुकरसारखं यंत्र) लावल्यापासून गार होईपर्यंत तासभर थांबावं लागतं. तेवढ्यात बाहेरच्या बाकावर बसून काढायचं.

परवा तिनं वही दाखवली. लॅबमधल्या मामांचे हात, एसटीतली झोपलेली माणसं, एका पानावर पेपर वाचणारे बाबा.

"बाबांना दाखवलंस?"

"नाही. ही वही माझी आहे."