वडील गाळा विकायला तयार आहेत, पण हत्यारांना हात लावू देत नाहीत. त्यांना कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की वडील त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. भोसरीत त्यांचा छोटा गाळा आहे, त्यात एक लेथ (धातूचा तुकडा, म्हणजे ‘जॉब’, फिरवून कापायचं यंत्र), एक ड्रिल आणि कपाटभर हत्यारं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी मायक्रोमीटरच्या (बारीक माप घ्यायच्या हत्याराच्या) रेघा नीट दिसत नाहीत, काम जवळजवळ थांबलंय. गाळ्याला चांगलं गिऱ्हाईक आलंय, विक्रीला त्यांची ना नाही. पण कपाटाचा विषय काढला की ते ताटावरून उठतात. तुम्ही हिंजवडीला आयटीत आहात आणि फ्लॅटमध्ये एवढं लोखंड ठेवायला जागा नाही.

मी डाय-फिटर, म्हणजे पत्रा कापायचे साचे (पंच-डाय) बनवून जुळवणारा. सुरुवातीला पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो, नंतर भोसरीतच स्वतःचं काम केलं आणि काही वर्षांपूर्वी माझंही कपाट रिकामं केलं. म्हणून वडिलांच्या बाजूने थोडं सांगतो.

कारखान्यात माणूस कामाला लागतो त्याच दिवशी त्याची रिटायर व्हायची तारीख ठरलेली असते. हत्यार टूल क्रिबमधून, म्हणजे कारखान्याच्या हत्यारांच्या कोठारातून घ्यायचं, बदल्यात आपल्या नंबराचं पितळी टोकन तिथे ठेवायचं. काम झालं की हत्यार परत, टोकन परत. शेवटच्या दिवशी सगळा हिशोब चुकता झाला, नो-ड्यूजवर सह्या झाल्या, की शाल, श्रीफळ, फोटो, ग्रॅच्युइटी. हत्यारं दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या माणसाच्या हातात जातात. सोडून द्यायला त्याचं स्वतःचं असं तिथे फारसं काही नसतंच.

गाळ्यातल्या माणसाला ती तारीख कोणी देत नाही. आधी एक पार्टी सीएनसीवाल्याकडे (संगणकावर चालणाऱ्या मशीनवाल्याकडे) जाते, मग दुसरी. पंच-डायची जी मिती आम्ही कानशीने आणि निळा रंग लावून, कुठे घासतंय ते बघत (स्पॉटिंग करत) आणायचो, ती वायरकट मशीन तारेने रात्रभरात कापून देतं. काम कमी होत होत एखादा जुना गिऱ्हाईक तेवढा येतो, त्याचा एखादा शाफ्ट, एखादं बुश. पण शटर रोज उघडतं. म्हणजे तुमचे वडील अजून रिटायर झालेलेच नाहीत. तुम्ही कपाट मागता तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं की आज शेवटचा दिवस आहे, आणि ही बातमी मुलाकडून कळते. ताटावरून उठणं मला तरी समजतं.

त्यात पैशाचाही भाग आहे, तो घरातल्यांना सहसा दिसत नाही. स्वतःचा धंदा करणाऱ्याला ग्रॅच्युइटी नाही. आधी कुठे नोकरी झाली असेल तर ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांची पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १००० रुपये आहे. त्यामुळे ‘वेळ पडली तर चार जॉब करून खाईन’ हा विचार आमच्या डोक्यात कायम असतो, आणि तो विचार त्या कपाटात असतो. डोळे साथ देत नाहीत हे त्यांना तुमच्याआधी कळलंय. तरी आधार तो आधार. कपाटाचं बोलणं करण्याआधी गाळ्याच्या पैशातलं किती त्यांच्या एकट्याच्या नावावर राहणार, दवाखान्याचं काय, हे कागदावर स्पष्ट करा. ते झाल्याशिवाय बाकी काही बोलू नका.

आता जे आम्ही तोंडाने बोलत नाही ते. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करणाऱ्या घरांत हातोडे आजोबांकडून बापाकडे आणि बापाकडून पोराकडे जात आले. हत्यार कोणाला द्यायचं हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं. अलीकडे त्यांच्याही घरांत पडायला लागलाय. आमचं पहिल्या पिढीपासूनच उलटं. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाने आले, गावागावांतली पोरं आयटीआय करून इथे आली, टर्नर झाली, फिटर झाली. त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने ठरवलं की माझ्या पोराच्या हाताला ऑइल लागणार नाही. तुमची इंजिनिअरिंगची फी त्याच लेथवर फिरलेल्या जॉबमधून गेलीय. वडिलांनी स्वतःहून, विचार करून, हत्यारांचा वारस दुसऱ्या कामाला पाठवला. त्याचं त्यांना वाईट वाटत नाही, उलट अभिमान आहे. पण कपाटासमोर उभं राहिलं की दोन्ही गोष्टी एकदम समोर येतात. अशा वेळी ‘बाबा, हे कोणाच्या उपयोगाचं?’ असं कृपा करून विचारू नका. उत्तर त्यांना माहीत आहे.

माझ्या ओळखीत तीन तऱ्हा पाहिल्या. एकाने शटर खाली ओढलं त्याच आठवड्यात सगळं वाटून टाकलं, पुन्हा नाव काढलं नाही. त्याला खरंच मोकळं वाटलं. एक अजून फ्लॅटच्या बाल्कनीत ट्रंक ठेवून आहे, पावसाळ्याआधी एकेक काढून ऑइल लावून परत ठेवतो. तिसरा अचानक गेला. घरच्यांना काय कशाचं ते माहीत नव्हतं, भंगारवाला आला, लोखंडाच्या भावाने किलोवर सगळं उचललं. त्यात नुसत्या कार्बाइडच्या (टंगस्टनपासून केलेल्या) टिपा वेगळ्या काढल्या असत्या तरी बरे पैसे आले असते, कारण टंगस्टनचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो. बुधवारी-रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो, तिथे ताडपत्रीवर अशी कपाटं पसरलेली दिसतात. व्हर्निअरच्या पाठीवर, पान्ह्याच्या दांड्यावर कोणाची तरी आद्याक्षरं कोरलेली असतात. आम्ही सगळे कोरतो, कारण टूलरूममध्ये मायक्रोमीटर उसना गेला की परत यायला नाव लागतं. तिथून वस्तू घेणारे जाणकार असतात आणि ती कामाला लागते, म्हणून मी त्या बाजाराला वाईट म्हणणार नाही. पण जिवंत माणसाच्या हत्यारांनी तिथे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

कपाटात दोन प्रकारचा माल असतो, तो वेगळा करायला शिका. विकत घेतलेला माल ओळखता येतो: मायक्रोमीटर, डायल, हाइट गेज, टॅप-डायचे सेट, रीमर, चक. त्याला बाजार आहे, मितुतोयो या जपानी कंपनीचं असेल आणि नीट ठेवलेलं असेल तर चांगला आहे. दुसरा प्रकार म्हणजे त्यांनी स्वतः केलेलं. एचएसएसच्या (हायस्पीड पोलादाच्या) चौकोनी तुकड्याला हाताने ग्राइंड करून धार दिलेली टूल बिटं, पत्र्याचे टेम्प्लेट, झिजलेल्या कानशीचं केलेलं स्क्रेपर, एखाद्या पार्टीच्या एकाच जॉबसाठी बनवलेला गो–नो गो गेज (माप बसतं की नाही एवढंच सांगणारा), मँड्रेल, बुश. बाहेरच्या माणसाला हा सगळा कचरा दिसतो. त्यातलं आटे पाडायचं एखादं बिट ५५ अंशाचं असेल, दुसरं ६० चं. ६० म्हणजे मेट्रिक. ५५ म्हणजे जुन्या विलायती मशीनचे व्हिटवर्थ आटे, आणि आपल्या पाण्याच्या पाइपाचे बीएसपी आटे आजही ५५ चेच. दोन बिटं शेजारी ठेवली तर नवख्याला फरक दिसणार नाही, आणि चुकीचं लावलं तर नट दोन फेऱ्यांत अडकेल. हे ज्ञान फक्त तुमच्या वडिलांकडे आहे, आणि त्यांना कोणी कधी विचारलेलं नाही.

तर विचारा. माझ्या सूनबाईने हे केलं. रविवारी दुपारी ती वही घेऊन बसायची, एकेक वस्तू उचलायची आणि म्हणायची, ‘बाबा, हे कशाचं?’ मी सांगायचो, ती पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहून दोऱ्याने बांधायची. काय, कोणत्या मापाचं, कशाला वापरलं. सगळं आवरायला बरेच रविवार गेले. सुरुवातीला मला वाटलं ही वेळ घालवतेय. पण ज्या वस्तूची गोष्ट सांगून झाली ती द्यायला जड जात नव्हती, आणि पुढेपुढे मीच म्हणायला लागलो, हे अमक्याला दे. ‘द्या’ हा शब्द तिने एकदाही काढला नाही. तुमच्याकडे वेळ कमी असेल तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या, पण बसा त्यांच्यासमोर.

कोणाला द्यायचं हे त्यांनाच ठरवू द्या, आणि दान म्हणून सुचवू नका. आम्ही हत्यार माणसाचा हात बघून देतो. मायक्रोमीटर कसा धरतो, टोकाच्या रॅचेटने हलकेच मिटवतो की थिंबल (फिरती नळी) दाबून पिळतो, एवढ्यावर आम्हाला कळतं. त्यांच्या हाताखाली काम केलेला कोणी मुलगा असेलच. आता कदाचित चाकण-तळवड्याला स्वतःचं काम करत असेल. त्याला गाळ्यावर बोलवा. अशा मुलाची गरजही खरी आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टूलकिटसाठी १५,००० रुपये मिळतात, पण ते ठरलेल्या १८ पारंपरिक कामांना. सुतार, लोहार, कुलूपवाले त्यात आहेत, टर्नर-फिटर नाही. त्याला पहिला मायक्रोमीटर स्वतःच्याच खिशातून घ्यावा लागतो.

असं कोणी नसेल तर शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला. तिथे मुलं हाताने काम करत शिकतात. आधी फोन करून काय हवंय ते विचारा, टेम्पो भरून थेट जाऊ नका. आणि वडिलांना सोबत न्या. हत्यारांबरोबर एक-दोन दिवस तेही कामाचे असतील. एखाद्या संस्थेत वस्तू रजिस्टरला चढते आणि कपाटात कुलूपबंद होते, असंही होतं. म्हणून देण्याआधी तिथलं वर्कशॉप चालू दिवशी बघून या.

तोवर सामान नीट ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच. मायक्रोमीटरचे दोन्ही तोंडाचे फेस पुसून त्यांत थोडी फट ठेवायची, मिटवून ठेवायचा नाही. स्लिप गेज (मापाचे पोलादी ठोकळे) असतील तर बोटांचे ठसे पुसून व्हॅसलिनचा हात; घामाचा ठसा पोलादात उतरतो. सरफेस प्लेटला (मापं तपासायच्या सपाट प्लेटला) ऑइल आणि वर लाकडी झाकण. त्यावर डबे ठेवू देऊ नका.

सगळं द्यायला लावू नका. मी एक ० ते २५ चा मायक्रोमीटर, सहा इंची स्टील रूल, एक हातोडी आणि एक स्क्रेपर ठेवलंय, आणि बाल्कनीत छोटा व्हाइस (वस्तू पकडायचा शिकंजा) बसवलाय. सोसायटीत कोणाचं काही मोडलं की येतात माझ्याकडे. वडिलांनाही एक ड्रॉवर आणि एक व्हाइस एवढी जागा तुमच्या फ्लॅटमध्ये नक्की निघेल. कुठे ते त्यांना विचारून ठरवा.

गाळ्याचा ताबा शक्य असेल तर खंडेनवमीनंतरचा ठरवा. मशीन पुसून, झेंडूची माळ घालून, नारळ फोडून ते वर्षानुवर्षं पूजा करत आलेत. या वर्षीची पूजा त्यांच्या जागेत होऊ द्या. खरेदीदार सहसा पंधरा-वीस दिवस थांबतो.

राहिला लेथ. हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा असेल तर भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नका, चांगला बेड (मशीनचा पाया) असलेल्या जुन्या लेथला अजून मागणी आहे. भाव करायला वडिलांना पुढे बसवा. बेड किती झिजलाय, गिअरबॉक्स कधी उघडला होता, हे तेच सांगू शकतात, आणि गिऱ्हाइकासमोर मशीन चालवूनही तेच दाखवतील. आलेले पैसे त्यांच्या खात्यात जमा करा, गाळ्याच्या रकमेत मिळवू नका.