ओकच्या पिंपात मुरलेली स्टाउट चाखताना

बाटली फ्रिजमधून काढली की लगेच चाखू नका. स्टाउट ही भाजलेल्या बार्लीची काळसर बिअर; थंडगार असताना तिचा वास दबलेला असतो, १२ ते १४ अंश सेल्सिअसला ती खुलते. ट्युलिप फुलाच्या आकाराच्या ग्लासात थोडीशीच ओता. फेस पटकन बसला तरी बिघडत नाही, दहा-बारा टक्के अल्कोहोल असलं की असं होतंच.

वासाला मात्र भरपूर वेळ द्या. कॉफी, कोको आणि करपट छटा भाजलेल्या बार्लीच्या. व्हॅनिला आणि खोबरं ओकच्या लाकडाचं. पिंपात आधी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की असेल तर तिचा वासही मिसळतो. हे धागे सुटे ओळखता आले की अर्धी लढाई जिंकली.

घोट लहान घ्या, जिभेवर घोळवा. गिळल्यावर छातीत ऊब हवी, घशात जळजळ नको. हिरड्यांवर किंचित तुरटपणा चालेल, पण तोंड कोरडं पडलं तर लाकूड जास्त झालं. लाकडाखाली स्टाउटच हरवली असेल तर मी सरळ गुण कापते, बाटली कितीही दुर्मिळ असो. अनपेक्षित आंबटपणा आला तर पिंपातल्या जिवाणूंचा संशय घ्या, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ऑक्सिडेशनचा, म्हणजे हवा लागून बिअर बिघडल्याचा. आणि नोंदी तिथल्या तिथे लिहा, कारण कोमट होत जाणारा ग्लास दर दहा मिनिटांनी वेगळा लागतो.