उंदीर वाया जाऊ देऊ नकोस

तुझा मेसेज रात्रीच वाचला, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर रागात दिलं असतं म्हणून आज लिहितेय. राग तुझ्यावर नाही, म्हणजे थोडा आहे, पण ते पुढे येईलच.

तुमच्या लॅबमध्ये रसायनाच्या टेस्टसाठी ठेवलेल्या उंदरांपैकी हाय डोसमधला, म्हणजे सगळ्यात मोठा डोस मिळणारा, एक नर सोमवारी सकाळी मेलेला सापडला, पोट फुगलेलं, आतडी आणि लिव्हर सडायला लागलेलं, आणि सीनियर म्हणाले की गवाज एरर, म्हणजे नळीने पोटात डोस देताना झालेली चूक, असं लिही आणि पुढे चल. तू अजून लिहिलं नाहीस, पण लिहून टाकावं असं तुला वाटायला लागलंय, आणि कारण काय देतेस तर तसंही उंदीर म्हणजे काही माणूस नाही, त्याच्यात दिसतं त्यातलं बरंचसं माणसाला लागूच होत नाही. हे वाक्य वाचून मला राग आला. तुझे गोंधळ दोन आहेत, मृत्यूचं कारण काय लिहायचं हा एक आणि उंदराचं माणसाला किती लागू होतं हा दुसरा, आणि तू दुसऱ्याच्या आडून पहिला सोडवायला बघतेयस.

उंदीर माणूस नाही हे या कामातल्या प्रत्येकाला पहिल्याच वर्षी कळतं गं. साखरेऐवजी वापरतात त्या सॅकरिनचं घे. नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या, कॅनडातला अभ्यास होता, १९७७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, बंदीचा प्रस्ताव आणला, तो बारगळला पण पाकिटांवर इशारा छापायला लागला, आणि तो इशारा जायला २००० साल उजाडलं. तो गेला कशामुळे? उंदीर म्हणजे माणूस नाही असं कोणी ठासून सांगितलं म्हणून नव्हे. नरात दिसतंय की मादीत, लघवीचा पीएच किती, त्यात प्रोटीन किती, कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण कधी दिसायला लागले, मूत्राशयाच्या आतल्या थराचं काय झालं, हे कोणीतरी पिंजऱ्यापाशी उभं राहून, मायक्रोस्कोपवर मान मोडून लिहून ठेवलं होतं. त्यावरून कळलं की एवढ्या मोठ्या डोसला उंदराच्या लघवीत जे होतं ते माणसात तसं होत नाही. म्हणजे उंदीर माणूस नाही हे सिद्ध करायलाही उंदराचीच नोंद लागली. आणि तू तेच वाक्य नोंद बिघडवायचं निमित्त म्हणून वापरतेयस!

रेड नंबर ३ या खाण्यात घालायच्या रंगाचंही बघ. नर उंदरांच्या थायरॉइडमध्ये गाठी, ज्या हार्मोनच्या वाटेने त्या होतात ती माणसात तशी चालत नाही असं एफडीएने स्वतःच म्हटलं, तरी जानेवारी २०२५ मध्ये अन्नातली परवानगी काढून घेतली, कारण खाण्याच्या रंगांसाठी १९६० मध्ये कायद्यात आलेलं डिलेनी क्लॉज नावाचं कलम सांगतं की माणसात किंवा जनावरात कॅन्सर होतो असं दिसलं तर ते अन्नात घालायचं नाही, विषय संपला. हा कायदा शहाणपणाचा की आडमुठा यावर आपण दोघी रात्रभर भांडू शकतो. पण भांडायलासुद्धा हातात खरा कागद पाहिजे. आणि उलट्या बाजूनेही फसगत होते हे तुला माहीत आहे, थॅलिडोमाइड या औषधाने हातापायाची जी व्यंगं सशाच्या पिल्लांत दिसतात ती उंदरात दिसत नाहीत. तेव्हा कुठला फरक सोडून द्यायचा आणि कुठला धरायचा हे तू एकटीने, सोमवारी सकाळी, फॉर्म भरताना ठरवायचं नाही. तू फक्त उंदीर वाया जाऊ द्यायचा नाही.

आता साधा हिशोब कर. तुझ्या ९० दिवसांच्या स्टडीत प्रत्येक डोसला १० नर आणि १० माद्या. म्हणजे हा एक उंदीर नरांच्या ग्रुपचा दहावा हिस्सा आहे. समज डोस ५०, १५० आणि ४५० मिलिग्रॅम प्रति किलो आहेत. ४५० ला एक मेला आणि का मेला ते माहीत नाही असं लिहिलं असेल तर पॅथॉलॉजिस्ट उरलेल्या नऊ जणांच्या स्लाइड वेगळ्या नजरेने बघतो, लिव्हरची वजनं परत काढतो, रक्ताचे रिपोर्ट परत चाळतो. गवाज एरर लिहिलं की तो मृत्यू हिशोबातून बाहेर, आणि बाकी काही ठळक नसेल तर जिथे नोएल, म्हणजे काही परिणाम न दिसलेला सगळ्यात मोठा डोस, १५० धरला गेला असता तिथे ४५० धरला जाणार. मग त्याला १०० ने भागणार, उंदरापासून माणसापर्यंत १० आणि माणसामाणसातल्या फरकासाठी १०, आणि ६० किलोच्या माणसाला दिवसाला ९० मिलिग्रॅमच्या जागी २७० मिलिग्रॅम चालेल असं कागदावर येणार. रोज, आयुष्यभर. प्रत्यक्षात लांबचे स्टडी येतील, कमिटी बसेल, आणखी चाळण्या लागतील, सगळं मान्य, पण चाळणीत काय पडतंय ते तुझ्या हातून सुरू होतं.

आणि गवाज एररला पुरावा लागतो बाई. अन्ननलिकेला भोक, छातीत सांडलेला डोस, फुप्फुसात फेस, यातलं तुला काय दिसलं? टिश्यू इतका सडला असेल तर दिसणारच नाही काही. मग जे दिसलं नाही ते कशाच्या जोरावर लिहायचं? मृत्यूचं कारण ठरवता आलं नाही, ऑटोलिसिस, म्हणजे मेल्यावर टिश्यू आपोआप सडलेले. बस. या वाक्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी ते अनेकदा लिहिलंय आणि दरवेळी कोणीतरी तोंड वाकडं केलंय.

खरा प्रश्न तुझे सीनियर ज्याला हात लावू देत नाहीत तो आहे, की तो एवढा सडला कसा. रविवारची संध्याकाळची फेरी झाली होती का? जनावरं जिवंत आहेत का, मरणाला टेकलीत का हे दिवसातून किमान दोनदा बघायचं असतं, आणि त्यात सुट्टी धरत नाहीत. फेरी झाली असती तर एक तर तो आजारी दिसला असता आणि त्याला वेळेत, हाल न होता झोपवता आलं असतं, नाहीतर मेल्यावर लगेच फ्रीजमध्ये गेला असता, फ्रीजरमध्ये नाही, आणि टिश्यू वाचले असते. एका न मारलेल्या फेरीसाठी तो उंदीर हाल सोसून मेला आणि वर काही सांगूनही गेला नाही. हे जास्त वाईट आहे, आणि आता त्यावर खोटं कारण चिकटवायचं म्हणजे तो परत एकदा वाया.

आयबीटीचं प्रकरण तुला शिकवलं असेलच, इंडस्ट्रियल बायो-टेस्ट लॅबोरेटरीज, अमेरिकेतली जनावरांवर टेस्ट करणारी लॅब. तिथल्या रेकॉर्डमध्ये टीबीडी अशी अक्षरं ठिकठिकाणी होती, म्हणजे मेलेलं जनावर इतकं सडलंय की तपासता येत नाही. १९७६ मध्ये एफडीएच्या एड्रियन ग्रॉस यांनी खोदायला घेतलं तेव्हा बाहेर आलं की न केलेल्या तपासण्यांचे आकडे लिहिले होते, मेलेल्या जनावरांच्या जागी नवीन घातली होती. १९८३ मध्ये तिथल्या तिघांना कोर्टाने दोषी धरलं. त्या लॅबच्या जोरावर बाजारात आलेल्या रसायनांचे अभ्यास तपासायला घेतले तर बहुतेक बाद निघाले, ते परत करावे लागले, म्हणजे पुन्हा तेवढे उंदीर, तेवढे कुत्रे. आपलं सगळं जीएलपी, म्हणजे लॅबच्या कामाचे आणि नोंदींचे नियम, तुला कटकट वाटणारी प्रत्येक सही आणि तारीख, त्या वेळच्या अशा प्रकरणांतून १९७८ मध्ये आलेली आहे.

तू विचारलंयस की मी एवढी वर्षं हे काम कसं केलं, झोप कशी लागायची. प्रश्नात थोडा आरोप आहे, असू दे. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचं गोड औषध निघालं, ते डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलेलं होतं आणि विकण्याआधी कोणी एका जनावरालाही देऊन बघितलं नव्हतं. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. मला जेव्हा जेव्हा वाटलं की सोडून द्यावं तेव्हा हे आठवलं. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये जनावरांवरच्या प्रयोगांबद्दल सांगितलं की पर्याय शोधा, संख्या कमी करा, हाल कमी करा, आणि ते मला मनापासून पटतं, निम्मे उंदीर मरेपर्यंत डोस वाढवायची जुनी एलडी-५० ची गाइडलाइन २००२ मध्ये काढून टाकली तेव्हा मला हलकं वाटलं होतं, डोळ्याच्या आणि कातडीच्या टेस्टसाठी आता पेशींचे मॉडेल आहेत. पण रोज थोडं थोडं पोटात जाणारं रसायन दोन वर्षांत लिव्हर, किडनी, थायरॉइडला मिळून काय करतं हे प्लेटमधल्या पेशी अजून पूर्ण सांगू शकत नाहीत. सांगायला लागतील त्या दिवशी मी सर्वात आधी टाळ्या वाजवीन. तोवर ज्याला आपण मारतो त्याच्याकडून खरं उत्तर घेणं एवढं तरी आपल्या हातात आहे. एवढ्यावर मी टिकले. कोणाला हे स्वतःची समजूत काढणं वाटलं तर वाटो.

मला खंत आहे ती वेगळीच. तेच रसायन, तीच टेस्ट, वेगळा स्पॉन्सर, म्हणजे टेस्ट करून घेणारी कंपनी, कारण पहिल्याचा डेटा गोपनीय. आधी कुठेतरी उत्तर मिळालेलं असतं आणि तरी आपण परत उंदीर मागवतो. यावर मी मीटिंगमध्ये खूप बोलले, ऐकलं कोणीच नाही, आणि ते अजून टोचतं. सह्यांच्या बाबतीत मात्र मी हटून बसायचे. एका ठिकाणी सही न केल्याबद्दल माझी बढती दुसऱ्याला मिळाली, मिळू दे म्हटलं, घरी भांडणं झाली, तीही झाली.

तर आता हे कर. सकाळी किती वाजता सापडला, कसा पडला होता, अंग ताठलेलं होतं का, पाण्याच्या बाटलीतून पाणी येत होतं का, शेवटचं वजन आणि शेवटचा डोस कधी, तुला आठवतंय ते सगळं आज लिही, उशिरा लिहितेय हेही लिही, आजची तारीख घाल, मागची घालू नकोस. आधी काही खरडलं असेल तर एक आडवी रेघ, सही, कारण, व्हाइटनर नाही. रविवारच्या फेरीचं डेव्हिएशन, म्हणजे ठरल्याप्रमाणे न झालेलं काम, म्हणून वेगळी नोंद स्टडी डायरेक्टरकडे लेखी दे आणि क्यूएला, म्हणजे काम नियमाप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्यांना, सांग. सडलेला असला तरी जे टिश्यू काढता आले ते फॉर्मॅलिनमध्ये आहेत ना? नसतील आणि धड अजून फ्रीजमध्ये असेल तर आजच काढायला लाव, किडनी आणि मेंदूतून काही मिळणार नाही कदाचित, पण अन्ननलिका आणि श्वासनलिका आख्खी ठेवा, भोक असेल तर अजूनही कळू शकतं. आणि खरंच भोक निघालं तर गवाज एरर लिही, माझी काही हरकत नाही, तेव्हा ते खरं असेल.

सीनियर चिडले तर माझं नाव सांग. डेव्हिएशनचा मसुदा पाठव, मी वाचून देते.