टोपलीत काय गोळा करावं आणि त्याचं काय करावं

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

अंगणवाडीसाठी रंगीत प्लॅस्टिकची खेळणी आणावीत का, असं तू विचारलं आहेस. इतक्यात नको. चिंचोके, बाटल्यांची झाकणं, मोठी बटणं, शिंपले, दोऱ्याची रिकामी रिळं हे सगळं मुलांच्या घरात आणि वाटेवर आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तीही महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या अशाच वस्तूंवर उभी राहिली.

गोळा मात्र मुलांनीच करायचं. एका आठवड्याला एकच वस्तू माग. सगळं एकदम मागितलंस तर खोकं दोन दिवसांत भरेल, पण त्यातलं काहीच मुलांना आपलं वाटणार नाही. आलेली वस्तू गोलात फिरव आणि विचार, "कुठे सापडलं? घरी याला काय म्हणतात?" घरी वारली, गोंडी किंवा कोरकू बोलत असतील तर ते नाव आधी येऊ दे. मराठी नाव मागून जोडता येतं.

निवड करताना हात आखडूनच ठेव. मोठ्या मुलांबरोबर धाकटी भावंडं येतातच, आणि तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती सुमारे सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीत मावणारी कोणतीही वस्तू पडता कामा नये. म्हणजे चिंचोके, बटणं फक्त मोठ्या मुलांना, तेही तू शेजारी बसलेली असताना. हरभरा, वाटाणा टाळ. नाकात गेला की ओलाव्याने फुगतो आणि निघत नाही. लालचुटूक गुंजा मुलं हमखास आणतील. गुंज आणि एरंडीचं बी विषारी आहे, चावलं गेलं तर जिवावर बेततं. बिब्ब्याने कातडी भाजते. घड्याळातले चपटे सेल आणि धारदार कडांची पत्र्याची झाकणं तिथल्या तिथे बाजूला काढ.

झाकणं साबणाच्या पाण्यात धुऊन उपडी वाळव, नाहीतर आतल्या आट्यांत बुरशी धरते. चिंचोक्यांना दोन-तीन कडक उन्हं दे.

आता खरं काम, वस्तूंचे गट लावण्याचं. चार मुलांना मिळून साठेक वस्तू पुरतात, तीन-चार प्रकारच्या. त्याहून जास्त दिल्यास की नुसतं ओतणं-उपसणं चालतं. पहिले दोन-तीन दिवस तेही चालू दे, हाताला वस्तू कळावी लागते. मग तीन वाट्या ठेव आणि गप्प बस. "लाल इकडे ठेव" म्हणालीस की विचार तुझा झाला, मुलाने फक्त हमाली केली. मूल रंगाने सुरुवात करतं आणि मध्येच आकारावर जातं. एक नियम शेवटपर्यंत धरून ठेवणं चौथ्या वर्षी अवघडच असतं. तू एवढंच विचार, "हे इथे का ठेवलंस?" "ही आई, ही तिची बाळं" असं उत्तर आलं तरी तो गटच आहे, मोडू नकोस. दुसऱ्या दिवशी तीच झाकणं "आता वेगळ्या तऱ्हेने लाव" म्हणून दे.

संख्येकडे घाईने जाऊ नकोस. सहा झाकणं ओळीत मांड, प्रत्येकासमोर एक चिंचोका. "सारखे आहेत का?" "हो." मग मुलादेखत चिंचोके लांब लांब सरकव आणि पुन्हा विचार. चार वर्षांची बहुतेक मुलं "चिंचोके जास्त झाले" म्हणतात, वीसपर्यंत घडाघडा म्हणणारीसुद्धा. चूक दाखवू नकोस. प्रत्येक चिंचोका परत झाकणासमोर आणायला सांग आणि काही आठवड्यांनी पुन्हा मांड. पालक "शंभरपर्यंत कधी येणार?" म्हणून मागे लागले, तर त्यांना बोलावून हाच खेळ त्यांच्यासमोर घे. पाठांतर आणि समज यांतलं अंतर त्यांना तिथेच दिसेल.

आवरतानाही मुलांनाच मोजू दे. दहाच वस्तू मावतील असं एक रिकामं खोकं भरलं की दहा झाली. चिंचोक्यांना बारीक भोकं दिसली तर कीड लागली समज, तो डबाच रिकामा कर. पावसाळ्यात बिया घट्ट झाकणाच्या डब्यात, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यासह ठेव.

कळावे,
तुझी ताई