डॉक्टरकी सोडून रंगभूमीकडे वळलेला जर्मन डॉक्टर कोण?

माझं उत्तर फ्रीडरिश शिलर. अभिनेता म्हणून मात्र तो सपशेल पडला! १७८० मध्ये श्टुटगार्टच्या लष्करी शाळेत वैद्यक शिकताना त्याने ग्योटे या जर्मन लेखकाच्या नाटकातल्या क्लाविगोची भूमिका केली, ती इतकी आरडाओरड्याची की लोकांना हसू आवरेना.

त्याच वर्षअखेरीस तो पलटणीचा डॉक्टर झाला. पगार महिना १८ गुल्डेन, आणि बाहेरचे पेशंट बघायची बंदी. रात्री जागून लिहिलेलं ‘दरोडेखोर’ हे नाटक १३ जानेवारी १७८२ ला शेजारच्या राज्यातल्या मानहाइम शहरात लागलं. खलनायक फ्रान्झच्या भूमिकेत इफलांट हा नट होता. शिलर रजा न घेताच प्रयोग बघायला गेला होता. मे महिन्यात पुन्हा तसाच गेला, तेव्हा मात्र पकडला गेला. श्टुटगार्टचा राज्यकर्ता ड्यूक कार्ल ऑयगनने त्याला १४ दिवस कोठडीत टाकलं आणि पुढे वैद्यकाखेरीज काही लिहायचं नाही, अशी तंबी दिली.

सप्टेंबरमध्ये रशियन पाहुण्यांसाठी राजवाड्याकडे रोषणाई चालू असताना गडी मित्राबरोबर घोडागाडीतून पसार. वेशीवर नाव काय सांगितलं? डॉक्टर रिटर! नोकरी सोडली, पण पळताना पदवी कामी आली. पुढच्या वर्षी मानहाइमच्या नाट्यगृहाने त्याला पगारी नाटककार म्हणून घेतलं.